टॉमीचा गळा, बॉबची झील

१९३२ साली टेक्सासमधल्या फोर्टवर्थ शहरात रूट बिअरच्या एका टपरीवर एकवीस वर्षांचा एक पोरगा गिटार घेऊन गात उभा असायचा. रूट बिअर म्हणजे नावापुरती बिअर. मुळ्या-सालींच्या स्वादाचं ते गोड पेय. दिवस दारूबंदीचे होते आणि महामंदीचेही. गिऱ्हाईक खूश झालं तर एखादं नाणं टाकायचं, त्यावर पोराचं भागायचं. त्याचं नाव टॉमी डंकन. व्हिटनी गावाकडच्या एका शेतकरी खटल्यात भावंडांच्या गर्दीत तो वाढला होता.

त्याच शहरात पिठाच्या गिरणीचा एक बँड होता. बरस मिल ही गिरणी ‘लाइट क्रस्ट’ नावाचं पीठ विकायची आणि त्याची जाहिरात करायला रेडिओवर वाजवणारी मंडळी म्हणजे लाइट क्रस्ट डोबॉइज. त्यांचा गायक मिल्टन ब्राउन १९३२च्या सप्टेंबरात बँड सोडून गेला. पगाराची जागा रिकामी झाल्याची बातमी मंदीत किती वेगाने पसरते हे सांगायला नको. सदुसष्ट जण येऊन गाऊन गेले असं सांगतात. बँडचा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, बॉब विल्स सगळ्यांना ऐकत होता. टॉमीने ‘आय एन्ट गॉट नोबडी’ हे गाणं काढलं.

गाणं तेव्हाही जुनंच होतं. टॉमीने ते एमेट मिलरच्या ढंगात म्हटलं. मिलर हा मिन्स्ट्रेल खेळांतला, म्हणजे तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांपैकी. तो सगळा प्रकारच अपमानकारक होता, त्याला सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. पण मिलरच्या गळ्यात एक करामत होती. सरळ चाललेला सूर मध्येच मोडायचा, शब्दाचं एक अक्षर वरच्या पातळ आवाजात उडून जायचं आणि काही झालंच नाही असं पुन्हा खाली येऊन बसायचं. विल्स या करामतीवर लुब्ध होता आणि टपरीवरच्या पोराला ती साधली होती. टॉमीला जागा मिळाली. पुढची सोळा वर्षं, सैन्यातला काळ सोडला तर, तो विल्सच्या शेजारी उभा राहून गायला.

बॉब विल्स टॉमीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, जन्म १९०५चा. बाप आणि घराणंच फिडलवाल्यांचं. लहानपण कापसाच्या शेतात गेलं, आणि तिथे त्याच्याबरोबर कापूस वेचणारी कुटुंबं बरीचशी काळ्या मजुरांची. त्यांची गाणी, त्यांचे ब्लूज, त्यांच्या लांबून मारलेल्या आरोळ्या त्याच्या कानात बसल्या त्या कायमच्या. बेसी स्मिथ या ब्लूजगायिकेला ऐकायला तो घोड्यावरून पन्नास मैल गेला होता, ही गोष्ट तो स्वतः सांगायचा. पोटासाठी त्याने न्हाव्याचं काम केलं, रात्री नाचाच्या कार्यक्रमांत फिडल वाजवलं.

ती आरोळी त्याने कधी सोडली नाही. ऐन गाण्याच्या मध्ये, शब्द चालू असताना, उंच पातळ आवाजात तो ‘आऽऽ हा’ करतो; वाजवणाऱ्याचं नाव घेऊन त्याला पुढे बोलावतो; गाण्यातल्या ओळीला उत्तर देतो, तिची थट्टा करतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कोण मध्येमध्ये तोंड घालतोय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की आपल्याकडे ज्याने पोवाडा ऐकला आहे त्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शाहीर ओळ टाकतो आणि मागून झीलकरी ‘जी जी रं जी’ करत ती उचलतात, हवेत ठेवतात. फरक एवढाच, की इथे झील धरणारा खुद्द फडाचा मालक होता आणि ओळ टाकणारा त्याचा पगारी गायक. माझ्या मते या दोघांची सगळी कहाणी या उलट्या मांडणीत आहे.

गिरणीचा व्यवस्थापक डब्ल्यू. ली ओडॅनियल, पुढे हाच टेक्सासचा गव्हर्नर झाला. त्याला बँडने नाचाच्या कार्यक्रमांत वाजवलेलं खपत नसे, आणि मिल्टन ब्राउन गेला तो याच कारणाने. विल्सचं पिणं, प्रक्षेपण चुकवणं हे वेगळंच. १९३३च्या ऑगस्टमध्ये विल्सची नोकरी गेली आणि टॉमी त्याच्याबरोबर बाहेर पडला. जाहिरातीत ‘पूर्वीचे लाइट क्रस्ट डोबॉइज’ असं लिहिलं म्हणून ओडॅनियलने दहा हजार डॉलरचा दावा ठोकला. दावा तो हरला, पण त्याने पिच्छा सोडला नाही. वेको, मग ओक्लाहोमा सिटी असं करत बँड टल्साला पोचला. ९ फेब्रुवारी १९३४ रोजी मध्यरात्री केव्हीओओ या केंद्रावरून त्यांचं पहिलं प्रक्षेपण झालं. नाव आता टेक्सास प्लेबॉइज होतं.

टल्सा त्यांना लाभलं. केन्स हा नाचाचा हॉल त्यांचं घर बनला. दुपारच्या जेवणाच्या वेळी तिथूनच प्रक्षेपण व्हायचं. ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांचे ते दिवस. काम थांबवून घरात आलेला शेतकरी ताटावर बसायचा तेव्हा रेडिओवर टॉमी गात असायचा.

मिल्टन ब्राउनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या संगीताची वाट त्यानेही पाडली. त्याच्या स्वतःच्या नव्या बँडमधल्या बॉब डनने विजेवर आवाज वाढवलेली स्टील गिटार जानेवारी १९३५ मध्ये ध्वनिमुद्रित केली. कंट्री संगीतात अशी गिटार तबकडीवर येण्याची ती पहिली वेळ. एप्रिल १९३६ मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन ब्राउन गेला. तो जगता तर आज कुणाचं नाव आधी घेतलं गेलं असतं, कोण सांगणार.

१९३५च्या सप्टेंबरात प्लेबॉइज डल्लासला पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रणासाठी जमले. तबकड्यांच्या कंपनीचा माणूस आर्ट सॅथर्ली, मूळचा इंग्रज. त्याच्या डोक्यात फिडल-गिटारवाला गावाकडचा बँड होता आणि समोर पाहतो तर ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ड्रम, पियानो. त्याने भुवया उंचावल्या. त्यातून मालकच गाण्याच्या मध्ये ओरडतो! सॅथर्लीने हरकत घेतली. विल्सने सरळ सामान आवरायला सांगितलं: हे असंच हवं असेल तर राहतो, नाहीतर चाललो. सॅथर्ली नमला. टॉमीने ‘आय एन्ट गॉट नोबडी’ त्याच खेपेला तबकडीवर चढवलं, त्या टपरीनंतर तीन वर्षांनी.

या संगीताला वेस्टर्न स्विंग हे नाव पुढे, चाळीसच्या दशकात, कॅलिफोर्नियात पडलं. नाव नव्हतं तेव्हाही ते वाजत होतंच. फिडलच्या गावठी चाली, काळ्यांचे ब्लूज, न्यू ऑर्लिन्सचा जाझ, मेक्सिकन सीमेवरचे सूर, शहरी नाचगाण्यांचे बोल, सगळं एका हॉलमध्ये आणि सगळं नाचण्यासाठी. बँडमधला लिऑन मकॉलिफ मांडीवर आडव्या धरलेल्या स्टील गिटारवर लोखंडी पट्टी सरकवायचा. त्याचा १९३६चा ‘स्टील गिटार रॅग’ गाजला. हवाई बेटांवरून आलेलं हेच वाद्य आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून रुजलं आणि त्यावर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. ती सरकती मींड ज्याच्या ओळखीची आहे त्याला मकॉलिफ ऐकताना फार लांब गेल्यासारखं वाटत नाही.

आणि जाझची लाट काही टल्सालाच थांबली नव्हती. त्याच १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी जाझ उचलला, आणि त्यांच्यातूनच चिक चॉकलेटसारखे लोक पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांमागे उभे राहिले. टल्साच्या शेतकऱ्याला नाचवणारा स्विंग आणि भगवानदादांना नाचवणारा स्विंग हे लांबचे भाऊबंद आहेत.

आणखी एक धागा आहे, तो तर हातात धरण्यासारखा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी शेलॅकची असायची, आणि शेलॅक म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ साठवतात ती खरवडायची, वितळवायची, पातळ पापुद्रे करून गोण्यांत भरायची. जगाला लागणारी बहुतेक लाख आपल्या मध्य आणि पूर्व भारतातल्या रानांतून जात होती. दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तिचे काळे चकचकीत तवे बनत. टॉमीचा आवाज ज्या खाचांत कोरला गेला त्या आपल्या पळसाच्या राळेतल्या. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक बंधन घातलं आणि तबकड्या कमी निघू लागल्या, तेव्हा रान आणि तबकडी यांतलं अंतर किती थोडं आहे ते कंपन्यांनाही कळलं.

टॉमीच्या गाण्याबद्दल बोलायचं तर आधी तो काय करत नाही ते सांगितलं पाहिजे. तो ओरडत नाही. फिडल, पितळी वाद्यं आणि वर मालकाच्या आरोळ्या, एवढ्या गोंगाटातही तो शेजारच्या खुर्चीवरून बोलावं तसा गातो. मायक्रोफोन आल्यावर गळा ताणायची गरज संपली हे गायक बिंग क्रॉस्बीने शहरांना शिकवलं. टॉमीने तेच गावाकडच्या नाचघरात आणलं. कंट्री गायक जिमी रॉजर्सचे योडल (खालच्या-वरच्या आवाजात उड्या घेणारं गाणं), मिलरचा मोडता सूर आणि क्रॉस्बीची जवळीक त्याच्या भरदार बॅरिटोन गळ्यात एकत्र नांदली. १९३६चं ‘राइट ऑर राँग’ ऐका. शब्द तालाच्या किंचित मागे पडतात, घाई कसलीच नाही, आणि नेमका जिथे सूर जड व्हावा तिथे विल्स मागून काहीतरी बडबडतो आणि ओझं उतरतं. गाणं दुःखाचं आहे, तरी नाचणाऱ्याचे पाय थांबत नाहीत. दोघांपैकी एकाला काढून टाका, मग नुसतं दुःख उरेल किंवा नुसता दंगा.

त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याची गोष्ट अशी. १९३८ साली सॅथर्लीला विल्सच्या ‘स्पॅनिश टू स्टेप’सारखं आणखी एक वाद्यगीत हवं होतं. विल्सने त्याच सुरांची उलटापालट करून एक चाल बसवली. तिला ‘सॅन अँटोनियो रोझ’ हे नाव सॅथर्लीने दिलं. चाल गाजली तेव्हा गीतकार आयर्विंग बर्लिनच्या प्रकाशनसंस्थेने शब्द मागितले. बँडमधल्या मंडळींनी विल्सबरोबर बसून शब्द जुळवले, आणि १६ एप्रिल १९४० रोजी ‘न्यू सॅन अँटोनियो रोझ’ ध्वनिमुद्रित झालं. बँड आता अठरा जणांचा होता.

मी हे गाणं हेडफोन लावून पुष्कळदा ऐकलं आहे. गावाकडचा बँड म्हणून ऐकायला बसलं की पहिल्याच स्वरांना धक्का बसतो, कारण समोर येतात पितळी वाद्यं आणि सॅक्सोफोन, न्यूयॉर्कच्या एखाद्या बड्या नाचघरात शोभावेत असे. फिडलवाल्याच्या बँडच्या सर्वांत मोठ्या गाण्यात फिडलला मान नाही! मग टॉमी येतो. चांदणं, सॅन अँटोनियोतल्या अलामो किल्ल्याचा जुना परिसर, हातून निसटलेली मुलगी, एवढाच ऐवज. तो आवाज चढवत नाही, ओळीच्या शेवटी सूर लांबवून हळुवार सोडून देतो. आणि त्या सोडलेल्या जागेत, बरोबर तिथेच, विल्सची आरोळी पडते. इतकी नेमकी, की ती सरावाने आली असेल असंही वाटत नाही. दोघं एकमेकांचा श्वास ऐकत होते. वर्षाअखेरीस खुद्द क्रॉस्बीने हे गाणं गायलं आणि त्याची तबकडी दहा लाखांच्या वर खपली. ज्याच्याकडून टॉमी शिकला त्याने टॉमीचं गाणं उचललं. क्रॉस्बीची आवृत्ती सुरेख आहे, पण तिच्यात झील नाही.

त्याच वर्षी टॉमीने स्वतः लिहिलेलं ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’ आलं. विरहाचं एवढं साधं, एवढं समजूतदार गाणं या परंपरेत थोडंच आहे.

पर्ल हार्बरनंतर बँडमधून सर्वांत आधी टॉमी सैन्यात गेला. बाकीचेही पांगले. तो परत आला तोवर विल्स कॅलिफोर्नियात हलला होता. धुळीच्या वादळांनी आणि युद्धाच्या कारखान्यांनी टेक्सास-ओक्लाहोमाची हजारो कुटुंबं तिकडे नेली होती. त्यांना शनिवारी रात्री आपलं गाव हवं असे आणि ते टॉमीच्या आवाजात मिळत असे. १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईवरचं त्याचं गाणं बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. १९४६ मध्ये ‘न्यू स्पॅनिश टू स्टेप’ सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्याचे शब्द टॉमीचे होते.

याच काळात, १९४६-४७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडकडे बँडने टिफनी या कंपनीसाठी दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. ही दुकानात विकायची नव्हती. सोळा इंची मोठ्या तबकड्यांवर ती रेडिओकेंद्रांना द्यायची होती. धंदा काही चालला नाही. पण दुकानातल्या तबकडीसारखा तीन मिनिटांचा काच नव्हता, कंपनीचा माणूस डोक्यावर नव्हता. ज्युनियर बर्नार्डची गिटार करवतीसारखी कापत जाते, टायनी मूरचं विजेवरचं मँडोलिन मध्ये घुसतं, विल्स नावं पुकारत सुटतो, आणि या गदारोळात टॉमी निवांत. नाचघरात त्या रात्री काय होत असेल ते मला सगळ्यांत जवळून इथेच ऐकू येतं. १९८०च्या दशकात या तबकड्यांचे एलपी निघाले तेव्हा नव्या पिढीला बँड खरोखर कसा वाजायचा ते कळलं. शोधायचं असेल तर आधी हे शोधा, मग बाकीचं.

पण विल्सचं पिणं थांबलं नव्हतं. महिनोन् महिने तो थेंबाला शिवायचा नाही आणि मग एकदा सुरू झालं की कार्यक्रमाला उभाच राहायचा नाही. भित्तीपत्रकावर नाव बॉब विल्सचं, तिकीट काढून आलेले लोक त्याचं नाव घेऊन ओरडताहेत, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहणार टॉमी. शाहीर हजर, झीलकरी गायब, आणि फड झीलकऱ्याच्या नावावर! किती रात्री त्याने हे सोसलं असेल. १९४८च्या सप्टेंबरात त्याच्या तोंडून कडवट शब्द गेले आणि ते विल्सच्या कानांवर पडले असं सांगतात. विल्सने स्वतः त्याला काही म्हटलं नाही. बँडचा गिटारवादक आणि कारभार पाहणारा एल्डन शॅम्ब्लिन याला सांगितलं, टॉमीला मोकळं कर.

मला या प्रसंगात टॉमीचीच बाजू खरी वाटते. पण विल्स दुष्ट नव्हता, आजारी होता, आणि त्या काळात दारूला कुणी आजार म्हणत नसे.

टॉमीने वेस्टर्न ऑल स्टार्स नावाचा स्वतःचा बँड काढला. प्लेबॉइजमधले चांगले वादक त्याच्याकडे आले. धाकटा भाऊ ग्लिन बासवर. कॅपिटल कंपनीने ध्वनिमुद्रण केलं, आणि जिमी रॉजर्सचं एक जुनं ब्लूज १९४९ मध्ये पहिल्या दहांत गेलं. वाद्यं तीच, गळा तोच. तरी दोन वर्षांच्या आत बँड मोडला. वेळही वाईट होती. युद्धकाळात सरकारने नाचगाण्याच्या जागांवर तीस टक्के कर बसवला होता, तो पुढे वीस टक्क्यांवर राहिला. मोठे बँड पोसणं मालकांना जड झालं, आणि मग टेलिव्हिजनने लोकांना घरात बसवलं. पण हीच कारणं पुरेशी नाहीत असं मला त्या तबकड्या ऐकून वाटतं. टॉमी ओळ संपवतो, सूर सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत काहीच येत नाही.

दुसऱ्या बाजूलाही तसंच. १९५० मध्ये विल्सची ‘फेडेड लव्ह’ आणि आणखी एक तबकडी पहिल्या दहांत आली आणि त्यानंतर दहा वर्षं एकही नाही. १९५९ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. लिबर्टी कंपनीसाठी केलेल्या तबकडीचं नाव ‘टुगेदर अगेन’, आणि त्या भेटीतलं ‘हार्ट टू हार्ट टॉक’ १९६० मध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. टॉमीचा आवाज आता थोडा जड, खाली बसलेला. आरोळी मात्र तिच्या जागेवर. हेही दोन-एक वर्षंच टिकलं.

टॉमी नंतर एकटा गात फिरत राहिला. गावोगावच्या बँडबरोबर, जे मिळतील त्यांच्याबरोबर. २५ जुलै १९६७ रोजी, कॅलिफोर्नियात इंपिरियल बीचला कार्यक्रम केल्यानंतर, हृदयविकाराने तो गेला. वय छप्पन्न. पुढच्या वर्षी विल्सला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. १९७० मध्ये कंट्री गायक मर्ल हॅगर्डने विल्सला मानवंदना म्हणून तबकडी काढली, तीत ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’ होतं, ‘राइट ऑर राँग’ होतं. फिडलवाल्याच्या नावाने निघालेल्या तबकडीत टॉमीची गाणी. १९८४ मध्ये कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटने ‘राइट ऑर राँग’ पहिल्या क्रमांकावर नेलं. १९९९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने विल्स आणि प्लेबॉइजना घेतलं तेव्हा यादीत टॉमीचं नाव होतं.

डिसेंबर १९७३. डल्लासमध्येच, जिथे अडतीस वर्षांपूर्वी पहिली तबकडी झाली, तिथे जुने प्लेबॉइज शेवटच्या ध्वनिमुद्रणाला जमले. मकॉलिफ, शॅम्ब्लिन, पियानोवर अल स्ट्रिकलिन. विल्स चाकाच्या खुर्चीत. फिडल धरणं शक्य नव्हतं. टॉमीच्या जागी लिऑन राउश गात होता. पहिल्या दिवशी विल्सने खुर्चीतून एक-दोन आरोळ्या दिल्या, क्षीण, पण जागेवर. त्या रात्री त्याला झटका आला आणि तो शुद्धीवर आला नाही. १३ मे १९७५ला गेला. डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे पुन्हा वाद्यं घेऊन बसले, गाणी पुरी करायची होती. हॉइल निक्स नावाचा टेक्सासचा एक फिडलवाला होता, त्याला विल्सची आरोळी हुबेहूब येई. त्याला माइकपाशी उभं केलं. राउशने ओळ सोडली, आणि निक्सने झील दिली.